दिसला नाही, हेही लिहा

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले बरेचसे 'तर' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागे टिटवीचा आवाज येत असेल तर तो इफेक्ट नाही, खरी टिटवी आहे. मी आमच्या घराच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. कर्जत तालुका, जिल्हा अहिल्यानगर. बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो, त्यामुळे आजही तोंडात तेच येईल. सांभाळून घ्या.

आधी एक काम करा. मोबाईलची गॅलरी उघडा आणि पक्ष्यांचे फोटो किती आहेत ते बघा. मोर असेल. भिगवणला गेला असाल तर फ्लेमिंगो असतीलच. आता त्यात कावळ्याचे फोटो किती आहेत? चिमणीचे? साळुंकीचे? आणि कुठेतरी गेलात, तासभर उभे राहिलात आणि काहीच दिसलं नाही, त्या दिवसाचा काही पुरावा आहे का मोबाईलमध्ये?

माझ्याकडेही नव्हता. आणि त्यामुळे एकदा भर ग्रामसभेत माझी चांगलीच गोची झाली. आजचा भाग त्याबद्दल आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बी.टेक. केलं, हिंजवडीत लागलो, सगळ्यांचं असतं तसंच. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि लॅपटॉप घेऊन गावी आलो. आमच्या गावाला नदी नाही, धबधबा नाही. आहे ते माळरान. बुटकं गवत, मधूनमधून बाभळी, खाली एक ओढा. सातबाऱ्यावर गायरान. लहानपणी आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो आणि तिथे बघण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी फोनला रेंज मिळावी म्हणून माळावर चढलो होतो. कॉल संपला, आणि गवतावरून अगदी खालून एक शिकारी पक्षी तरंगत गेला. घारीपेक्षा सडपातळ, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरलेले. मग दुसरा आला. मग तिसरा. अंधार पडेपर्यंत एकेक करून ते गवतात उतरले आणि दिसेनासे झाले. झाडावर नाही, जमिनीवर. रात्री शोधाशोध केली तेव्हा कळलं की हे हॅरिअर, मराठीत भोवत्या. कझाकस्तान, रशियाकडच्या गवताळ प्रदेशात त्यांची वीण होते, आणि हिवाळ्यात ते आपल्याकडे येतात. इथे नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी खातात आणि रात्री गवतात एकत्र झोपतात.

ज्या माळाला आम्ही 'पडीक' म्हणत होतो, तिथे हजारो किलोमीटर उडून पाहुणे झोपायला येत होते.

मी लगेच ईबर्ड डाउनलोड केलं. माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेलं हे नोंदींचं व्यासपीठ आहे. कुठे, कधी, किती वेळ, कोणते पक्षी, किती दिसले, हे तुम्ही टाकता. भारतात बर्ड काउंट इंडिया हा गट लोकांना यात सहभागी करून घेतो. मी उत्साहाने सुरुवात केली. भोवत्या दिसला की नोंद. धाविक दिसला की नोंद. एकदा रंगीत पखुर्डीची जोडी दिसली, तिची तर फोटोसकट नोंद. कावळा, होला, साळुंकी कशाला लिहायचे? आणि ज्या दिवशी खास काही नाही, त्या दिवशी ॲपच उघडायचो नाही.

मग १५ ऑगस्ट २०२३ ची ग्रामसभा. विषय होता गायरानावर सौर प्रकल्प. आता मी सरळ सांगतो, मी काही सोलरच्या विरोधात नव्हतो आणि आजही नाही. माझे वडील आयुष्यभर रात्री दोनला उठून मोटार चालू करायला गेलेत, विंचूकाट्यातून. दिवसा वीज मिळणार असेल तर कोण नको म्हणेल? माझं म्हणणं एवढंच होतं की माळाचा ओढ्याकडचा भाग सोडता येतो का बघा. मी नोंदींची प्रिंट काढून नेली होती. तारखा, आकडे, नकाशा. एकदम प्रेझेंटेशन.

लोकांनी शांतपणे ऐकलं. मग आमच्या गावातले एक धनगर बापू उभे राहिले. सत्तरीच्या पुढचे, जन्म त्या माळावर मेंढ्यांमागे गेलेला. म्हणाले, "हे सगळं आलं तवाचं लिहिलंय तू. जवा नव्हतं आलं, तवाचं कुठंय?"

मी म्हटलं, "बापू, तेव्हा काय लिहिणार? नव्हतंच काही."

ते म्हणाले, "मग आम्हाला कसं कळावं, पाखरू आलं नव्हतं का तूच आला नव्हता?"

सभा हसली. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कान गरम होते. कारण बापूंनी जे पकडलं ते मला माझ्या नोकरीत पहिल्या वर्षी शिकवलं होतं. समजा एखादा सर्व्हर आहे आणि तो चालू असतानाच लॉग लिहितो. मध्ये तीन तास लॉग कोरा आहे. याचा अर्थ काय? सर्व्हर बंद होता, की रिक्वेस्टच आली नाही, की लॉग लिहिणारा प्रोग्रॅम पडला? कोऱ्या जागेतून काहीच कळत नाही. म्हणून आम्ही दर मिनिटाला 'मी आहे, सगळं ठीक आहे' असा एक कंटाळवाणा संदेश लिहून ठेवतो. तो कोणी वाचत नाही, पण बिघाड झाला की त्याच्यावरच सगळं उभं असतं.

माझ्या पक्ष्यांच्या नोंदीत तो कंटाळवाणा संदेश नव्हता.

हे माझ्या एकट्याचं नाही, बरं का. आपल्याकडे ऋतूनुसार येणाऱ्या पक्ष्यांची लोकांकडून नोंद घ्यायचा एक मोठा प्रयत्न २००७ मध्ये बंगळुरूहून सुरू झाला होता, मायग्रंटवॉच नावाचा. कल्पना सोपी होती. हिवाळी पाहुणा तुमच्या भागात पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटचा कधी दिसला, ते कळवा. पुढे चातकाचीही अशी मोहीम झाली. चातक म्हणजे पावसाआधी येणारा तो काळापांढरा, डोक्यावर शेंडी असलेला पक्षी. उत्तर आणि मध्य भारतात येणारे चातक आफ्रिकेतून येतात असं मानलं जातं. इथे आल्यावर ते सातभाईच्या घरट्यात अंडी घालतात.

आता पहिल्या तारखेतली गंमत बघा. समजा गावात मी एकटाच चातक शोधतोय, तेही फक्त रविवारी, आणि मला तो ११ जूनला दिसला. पुढच्या वर्षी कॉलेजची दहा पोरं रोज सकाळी शोधायला लागली, त्यांना ४ जूनला दिसला. चातक आठवडाभर लवकर आला का? की फक्त बघणारे डोळे वाढले? नुसत्या पहिल्या तारखेवरून हे सांगता येत नाही. पण त्या पोरांनी रोजची यादी ठेवली असेल, १, २, ३ जूनलाही गेले होते आणि चातक नव्हता असं त्यातून कळत असेल, तर उत्तर मिळायला लागतं. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चातक आहे, हे प्रमाण आठवड्यागणिक काढता येतं. ते प्रमाण दोन वर्षांत ताडून बघता येतं. तारीख तशी बघता येत नाही.

यासाठी ईबर्डमध्ये शून्य टाईप करावं लागत नाही. यादी पाठवताना ते एक प्रश्न विचारतं, तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का? तुम्ही 'हो' म्हटलं की ती पूर्ण यादी होते. मग जो पक्षी यादीत नाही, तो त्या वेळेत तुम्हाला दिसला नाही किंवा ऐकू आला नाही, असा अर्थ निघतो. मी अडीच वर्षं त्या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणत होतो, आणि 'नाही' म्हटल्याने काय गमावतोय याचा विचारही केला नव्हता.

अर्थात 'दिसला नाही' म्हणजे 'नाहीच' असं नसतं. पावशाचं उदाहरण घ्या. मे-जूनमध्ये 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करून डोकं खातो. हिवाळ्यात गप्प. गेला का? बहुतेक वेळा तो तिथेच कुठेतरी झाडीत असतो, फक्त ओरडत नाही. म्हणून एका दिवसाच्या शून्याला फार किंमत नाही. अनेक दिवसांची शून्यं, त्याच जागी, त्याच वेळी, तेवढाच वेळ बघून आलेली, ती बोलायला लागतात.

आपल्या जिल्ह्यात हे का महत्त्वाचं आहे ते सांगतो. नगर क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाई, भंडारदरा, धो धो पाऊस. पूर्वेला शेवगाव-पैठणच्या बाजूला जायकवाडीचा नाथसागर, तिथे हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकादंब येतात. पट्टकादंब म्हणजे हिमालय ओलांडून येणारा हंस. आणि दक्षिणेला आम्ही, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, ज्वारीचा कोरडवाहू पट्टा. एकाच जिल्ह्यात तीन वेगळी ऋतुचक्रं. पण लोक जिथे फिरायला जातात तिथून नोंदी जास्त येतात. धरणावर जातात, घाटात जातात. उन्हातान्हात माळावर कोण जातं?

आणि माळ रिकामा नाही. पावसाळा सरता सरता भोरड्या यायला लागतात, मध्य आशियाच्या बाजूने. ज्वारी हुरड्यात आली की त्यांचे थवे पिकावर, आणि गोफण घेतलेली आमची आजी त्यांच्या मागे. ऑक्टोबरमध्ये धोबी येतो, शेपटी हलवत. त्याच सुमाराला भोवत्या. मार्च-एप्रिलमध्ये हे सगळे परत. जूनमध्ये चातक. आमच्या आजीला ही दिनदर्शिका तोंडपाठ होती, फक्त तिने ती कुठे लिहिली नाही.

न लिहिल्याने काय होतं? माळढोकाचं बघा. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य झालं. तेव्हाचं क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा तालुक्यांतला भागही त्यात होता. पुढे ते कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. आज देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. आमच्या गावात आजोबांच्या पिढीतले लोक म्हणतात, आम्ही माळढोक पाहिलाय, माणसाच्या कमरेएवढा उंच. मी विचारलं, शेवटचा कधी? एक म्हणाले दुष्काळाच्या साली, म्हणजे बहात्तरला. दुसरे म्हणाले नाही, त्यानंतरही होता. तिसरे म्हणाले, "आरं, दिसायचा बंद झाला एवढंच. कोण तारीख लिहितंय?"

निरोप द्यायला कोणी उभंच नव्हतं, कारण शेवटचा म्हणून तो कोणाला ओळखू आला नाही. येणं लक्षात राहतं. न येणं हळूहळू होतं आणि सवय होऊन जातं.

जुन्या काळी नोंदी नव्हत्या असंही नाही. कर्नल साइक्स नावाचा ब्रिटिश अधिकारी आपल्या दख्खनमध्ये फिरून माहिती गोळा करत होता, आणि १८३२ मध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला छापली गेली. आमच्या माळावर दिसणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाला आजही इंग्रजीत साइक्सचंच नाव आहे. पण अशा यादीचं काम वेगळं असतं. इथे कोणती जात आहे ते यादी सांगते. ती वाढतेय की कमी होतेय, हे कळायला रोजची वही लागते.

ती वही देशभरात किती अपुरी आहे बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षक, ३ कोटींच्या वर नोंदी, ९४२ जातींचा आढावा. इतकं असूनही दीर्घकाळात काय झालं ते फक्त ३३८ जातींबद्दल काढता आलं. त्यातल्या ६० टक्के जाती कमी झाल्यात. उरलेल्या सहाशेवर जातींबद्दल सांगण्याइतकी माहितीच जमली नाही. आणि ज्यांची अवस्था जास्त वाईट आहे त्यांत गवताळ, मोकळ्या माळावरचे पक्षी आहेत. म्हणजे आमचेच शेजारी.

तर त्या ग्रामसभेनंतर मी काय केलं? ऑक्टोबर २०२३ पासून दर रविवारी संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आधी एक तास, ओढ्याच्या वरच्या एकाच बाभळीखाली बसायचं ठरवलं. दिसेल तो प्रत्येक पक्षी, कावळ्यासकट, मोजायचा. पुण्यात अडकलो तर धाकटी बहीण जायची. मार्चअखेरपर्यंत २४ रविवार भरले. त्यातल्या ९ रविवारी एकही भोवत्या नव्हता.

पहिल्यांदा वाईट वाटलं. नऊ रविवार वाया. मग तारखा ओळीने लावल्या. नऊपैकी सहा शून्यं सलग होती, आणि ती सुरू होत होती जानेवारीत माळावर वणवा लागला त्याच्या पुढच्या रविवारपासून. दरवर्षी कोणीतरी काडी लावतं, म्हणतात पुढच्या पावसात गवत चांगलं येतं. आधीच्या दोन वर्षांतही असं झालं असणार. पण तेव्हा मी फक्त दिसल्याच्या नोंदी करत होतो, त्यामुळे माझ्या नकाशावर वणव्यानंतरचे आठवडे नुसते कोरे होते. जणू मी त्या दिवसांत पुण्यातच होतो.

एका हिवाळ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळतं. पण एवढं दिसलं की त्यांना ती जागा नको होती, त्या जागेवरचं उभं गवत हवं होतं.

या काळात चुकाही केल्या. भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं ओळखणं भयंकर अवघड. मी एक नोंद ठामपणे फिक्या भोवत्याची म्हणून टाकली. ईबर्डवर नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा नम्र मेल आला, कशावरून ओळखलंत? खरं उत्तर होतं, फोटोत तसा वाटला म्हणून. ॲपमध्ये 'फिका किंवा माँटेग्यूचा' असा दोन्ही मिळून पर्याय असतो. मी नोंद बदलून तो निवडला. माहीत नाही, हेही लिहिता येतं आणि त्यात कमीपणा नाही.

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत विषय परत आला. या वेळी मी एकच कागद नेला. ओळीने रविवार, समोर आकडे, शून्यं तशीच ठेवलेली, वणव्याची तारीख लाल पेनाने. बापूंच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही, नातीने वाचून दाखवला. शून्य, शून्य, शून्य असं ती वाचत गेली तेव्हा बापू म्हणाले, "हां. आता हिशोब झाला."

शेवट फार गोड नाही, सांगून टाकतो. प्रकल्प रस्त्याकडच्या अर्ध्या भागात घ्यायचं ठरलं, ओढ्याकडचा भाग तूर्त सोडला. पण त्यात माझ्या कागदापेक्षा जास्त वाटा मेंढरांच्या चराईचा होता, आणि रस्त्याजवळून सबस्टेशन जवळ पडतं याचा. 'तूर्त' म्हणजे किती दिवस, हे कुठे लिहिलेलं नाही. एक गोष्ट मात्र झाली. त्या वर्षी माळाला काडी लागली नाही. बापूंनी पोरांना सांगून ठेवलं होतं.

आता तुमच्यासाठी. डीएसएलआर लागत नाही, दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालतं. एक जागा ठरवा. गच्ची, शेताचा बांध, हॉस्टेलच्या मागचं मैदान. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, १५ मिनिटं. जे ओळखता येतं ते सगळं मोजा, कावळा आणि पारवाही. ओळखता आलं नाही तर ठोकून देऊ नका. पक्ष्याला उठवायला गवतात शिरू नका, मोबाईलवर आवाज वाजवून बोलावू नका. घरटी आणि रात्री झोपायच्या जागा स्टेटसला टाकू नका. मीही माझ्या गावाचं नाव आज त्यासाठीच घेतलेलं नाही.

आणि नावं म्हाताऱ्या माणसांना विचारा. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत रानातल्या लोकांकडून अशी नावं गोळा केली, त्यांचा 'पक्षिकोश' त्यातून उभा राहिला. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह असतो. सुरुवात करायला तो मुहूर्त चांगला आहे. तोपर्यंत थांबायचं नसेल तर येता रविवारही चालेल.

काल रविवार होता. मी बाभळीखाली तासभर बसलो. दोन होले, अकरा साळुंक्या, एक खाटीक, चार कावळे. भोवत्या नाही. यादी पाठवून दिली.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.